घरातली जुनी काच : कुणाची, केव्हाची?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय घरातलाच आहे, त्यामुळे लांबलचक प्रस्तावना करत नाही. ग्वाल्हेरला, विशेषतः आपल्या लष्करात, तीन-चार पिढ्या राहिलेल्या बहुतेक मराठी घरांत जुन्या काचेची एखादी तरी वस्तू आहे. कुठे हंड्यांची जोडी, कुठे गुलाबदाणी, कुठे लाल फुलदाणी, कुठे नुसतेच झुंबराचे उरलेले लोलक. ती कुठली, असे विचारले की उत्तर एकच मिळते : "बेल्जमची." किती जुनी? "शंभर वर्षांच्या वरची." कुणी बनवली? इथे मात्र सगळे गप्प होतात. या तीन प्रश्नांची उत्तरे कशी शोधायची, ती किती खात्रीने देता येतात आणि हे काम आताच का करायला हवे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी बेल्जमचा निकाल लावू. हा शब्द अगदीच हवेतून आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम हा सपाट काचेचा, म्हणजे तावदाने आणि आरशांच्या काचेचा, मोठा निर्यातदार देश होता. तिथल्या लिएज शहराजवळ वाल-सें-लाम्बेर हा नामांकित कारखाना १८२६ साली सुरू झाला. तो पैलू पाडलेली उत्तम बिलोरी काच करत असे. पण हिंदुस्थानात दर्जेदार काच आणखी बऱ्याच ठिकाणांहून येत होती. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून येत होती, फ्रान्सच्या बाकारा गावाहून येत होती, आणि रंगीत काच मोठ्या प्रमाणात बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, येत होती. दुकानदाराने विकताना सगळ्याला बेल्जम म्हटले, आणि आपण तेच पुढच्या पिढीला सांगितले. म्हणून "बेल्जम" हा शब्द "चांगली परदेशी काच" एवढ्याच अर्थाने घ्यावा. देशाचे नाव म्हणून तो पुराव्यात धरू नये.

आता वस्तू हातात घेऊ. खाली मऊ पंचा अंथरा, वस्तू स्वच्छ उजेडात धरा आणि पहिल्यांदा तिचा तळ पाहा. रंग आणि नक्षी आपल्याला भुरळ घालतात. माहिती बहुधा तळाशी सापडते.

फुंकून केलेल्या वस्तूचा काठ घडवताना तिला तळाकडून लोखंडी सळईचा आधार देतात. काम झाले की सळई तोडून काढतात आणि तिथे खरखरीत वण राहतो. चांगल्या मालात हा वण घासून त्या जागी छोटी गुळगुळीत वाटीसारखी खोलगट जागा केलेली असते. असा वण किंवा अशी वाटी दिसली तर वस्तू हातकामाची असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र यावरून वय ठरत नाही, कारण हातकाम आजही चालते.

दुसरी खूण शिवणीची. साच्यात दाबून केलेल्या काचेवर साच्याचे दोन-तीन भाग जुळतात तिथे बारीक उंचवट्याची रेघ उमटते. ही दाबकाच अमेरिकेत १८२० च्या दशकात सुरू झाली आणि मग युरोपभर पसरली. कारागिराने चाकावर पैलू पाडलेली महागडी बिलोरी काच आणि तिची नक्कल करणारी स्वस्त दाबकाच यांत फरक कसा करायचा? पैलूंच्या कडांवरून बोट हलके फिरवा. चाकावर पाडलेल्या पैलूंच्या कडा धारदार लागतात, दाबकाचेच्या कडा बोथट आणि थोड्या वितळल्यासारख्या लागतात. मग बोट आत घाला. बाहेरची नक्षी आतूनही उंचसखल लागत असेल तर वस्तू साच्यात फुंकलेली आहे. आतून सपाट असेल तर ती पैलू पाडलेली किंवा दाबलेली असू शकते, आणि निकाल पुन्हा कडांवरूनच लावायचा.

तिसरी खूण वजनाची आणि आवाजाची. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रजाने १६७४ साली शिसे घातलेल्या काचेचे पेटंट घेतले. शिशामुळे काच जड होते, प्रकाश अधिक फाकवते आणि पातळ काठाच्या पेल्याला नखाने हलकी टिचकी मारली तर आवाज घुमत राहतो. साध्या काचेचा आवाज लगेच विरतो. ही परीक्षा फक्त पेला किंवा वाडग्यासारख्या उघड्या आकाराची घ्यावी, आणि तडा असेल तर मुळीच घेऊ नये.

आता रंग. आपल्या घरांतल्या लाल काचेबद्दल विशेष सांगितले पाहिजे, कारण वाटण्यांच्या वेळी सर्वांत जास्त कुरबुर तिच्यावरून होते. लाल काच तीन प्रकारची असते. एकीत रंग काचेच्या अंगातच असतो. दुसरीत पांढऱ्या काचेवर रंगीत काचेचा वेगळा थर चढवलेला असतो, आणि तो कापून खालची पांढरी काच नक्षीतून दाखवलेली असते. तिसरीत रंगाचा अगदी पातळ लेप देऊन तो भट्टीत पक्का केलेला असतो. हे तिसरे तंत्र बोहेमियातल्या फ्रीड्रिश एगरमान याने १८३२ च्या सुमारास लाल रंगासाठी साधले. हरीण, वाडे, द्राक्षवेली कोरलेल्या पुष्कळशा लाल वस्तू याच तंत्राच्या असतात. ओळखायचे कसे? भिंगातून काठ आणि कोरीव रेघा पाहा. थर चढवलेल्या काचेत रंगाची जाडी डोळ्यांना दिसते. लेपाच्या काचेत जाडी जवळपास नसतेच, आणि जिथे वापराने ओरखडा पडला आहे तिथे लगेच पांढरे दिसते. लेपाची वस्तू म्हणजे खोटी वस्तू असे समजू नका. ते एका मोठ्या कारागिराचे तंत्र आहे. पण शंभर वर्षांनंतरही बोहेमियात अशीच काच होत होती, म्हणून लाल रंगावरून थेट १८३२ वर उडी मारता येत नाही.

पिवळट हिरवी काच असेल तर आणखी एक गंमत आहे. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा अंधारात तिच्यावर धरा. ती झगझगीत हिरवी पेटली तर तिच्यात युरेनियम आहे. बोहेमियात १८३० च्या दशकापासून अशी काच होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात युरेनियम सरकारी ताब्यात गेल्यावर हे काम जवळजवळ थांबले आणि पुढे पुन्हा थोडेफार सुरू झाले. म्हणजे उजेडाने घटक कळतो, वय कळत नाही. मँगेनीजमुळेही फिकट हिरवी झाक येते, तिच्यावरून गोंधळ होऊ देऊ नका.

आता ज्यांची सगळे वाट पाहतात त्या खुणा, म्हणजे अक्षरे, शिक्के आणि सह्या. पहिली गोष्ट ही की बहुसंख्य जुन्या काचेवर काहीच नसते. कारखान्याचे नाव असलेला कागद चिकटवलेला असे आणि तो पहिल्या धुण्यातच जाई. बाकारासारख्या कारखान्यानेही १८६० पासून कागदी चिठ्ठी वापरली. तळावर आम्लाने कोरलेली खूण तिथे १९३६ पासून नियमित झाली. त्यामुळे खूण नाही म्हणून वस्तू हलकी ठरत नाही. उलट "आजोबांच्या मुंजीतला" म्हणून सांगितलेल्या बाकाराच्या पेल्यावर ती कोरीव खूण असेल, तर मुंजीचे साल आधी पाहावे.

इंग्रजी दाबकाचेवर कधी कधी तळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची उठावाची खूण सापडते. वरच्या टोकाला छोटा गोल आणि त्यात रोमन तीन. तो तीन म्हणजे काचेचा वर्ग. ही नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ या काळातली. तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नमुना कोणत्या वर्षी नोंदला ते काढता येते. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात असते आणि १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. १८८४ पासून या खुणेऐवजी नुसता नोंदणी क्रमांक येऊ लागला. पण ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची आहे, वस्तू घडल्याची नव्हे. तोच नमुना पुढे कित्येक वर्षे निघत राहू शकतो.

देशाचे नाव ही त्याहून सोपी खूण. अमेरिकेने १८९० चा आयात कायदा केला आणि १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालावे लागले. पुढे हा प्रघात सर्वत्र रुजला. "मेड इन चेकोस्लोव्हाकिया" असे लिहिले असेल तर वस्तू १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ नंतरची. इथे एक नियम मनात पक्का करावा : वस्तूवरची सर्वांत नवी खूण तिचे वय ठरवते. बाकी नव्व्याण्णव गोष्टी जुन्या वाटल्या तरी एक नवी गोष्ट मूळचीच असेल, तर वस्तू तिच्यापेक्षा जुनी नसते.

मोठ्या नावांच्या सह्यांबाबत अधिक सावध राहावे. फ्रान्सच्या नान्सी शहरातला एमिल गाले १९०४ साली वारला. त्यानंतर काही वर्षे कारखान्याच्या मालावर त्याच्या सहीशेजारी छोटा तारा कोरत असत. अलीकडे रुमानियात त्याच धाटणीच्या फुलदाण्या होतात आणि त्यांवर "टिप गाले", म्हणजे "गालेच्या धर्तीवर", असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते. मग मधला कुणी "टिप" एवढी अक्षरे घासून टाकतो आणि वस्तू एका रात्रीत शंभर वर्षांनी म्हातारी होते. सहीच्या अलीकडे काच घासल्याची सपाट जागा दिसते का, ते भिंगाने पाहावे. रने लालीक १९४५ साली वारला; त्याच्या हयातीतल्या सहीत बहुधा नावाआधी "आर" हे अक्षर असते, नंतरच्या मालावर नुसते "लालीक" आणि "फ्रान्स".

शिवाय झीज पाहावी. वर्षानुवर्षे फळीवर ठेवलेल्या वस्तूच्या तळाच्या कडेला, जिथे ती टेकते तेवढ्याच जागी, निरनिराळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असतील, किंवा न टेकणाऱ्या जागीही असतील, तर कुणीतरी घासकागद फिरवला आहे.

झुंबरे आणि हंड्या यांचे थोडे वेगळे सांगतो. इथे दिवा कसा पेटे यावरून काळ कळतो. मेणबत्तीच्या झुंबराचे हात बहुधा भरीव काचेचे असतात, टोकाला मेणबत्तीचे घर आणि खाली मेण झेलणारी ताटली. गॅसच्या झुंबराला पोकळ नळ्या लागतात. विजेची तार काचेच्या हाताला बाहेरून गुंडाळून नेली असेल तर झुंबर आधीचे आणि वीज नंतरची. हंडीच्या वर टांगलेले काचेचे उलटे झाकण हे छताला काजळी लागू नये म्हणून असे. ते असेल तर हंडी ज्योतीसाठी केलेली आहे. आणखी एक काम करा : लोलक मोजा आणि एकमेकांशी ताडून पाहा. दोन-चार लोलक आकाराने, रंगाच्या झाकेने वेगळे निघाले तर ते नंतर बसवलेले आहेत. ही दुरुस्ती आहे, तिच्यामुळे झुंबर खोटे ठरत नाही.

हिंदुस्थानातल्या झुंबरांमध्ये एक नाव वारंवार येते, ते बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑसलर यांचे. हा कारखाना १८०७ सालचा. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मध्यभागी त्यांचे काचेचे कारंजे उभे होते, सत्तावीस फूट उंच आणि सुमारे चार टन काचेचे. १८४० च्या दशकातच त्यांनी कलकत्त्याला दुकान थाटले होते आणि संस्थानिक, सरदार, सावकार त्यांचे गिऱ्हाईक होते. त्यांचे नाव काचेवर शोधत बसू नका. असलेच तर ते धातूच्या जोडावर ठोकलेले सापडते. म्हणून झुंबर उतरवताना पितळी भाग "काळे पडले" म्हणून बदलू नयेत, आणि रसायनात बुडवून चकचकीत करण्याआधी भिंगाने तपासावेत.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. १८७४ साली जयाजीराव महाराजांनी बांधलेल्या जयविलास राजवाड्यातली दरबार सभागृहाची दोन झुंबरे जगप्रसिद्ध आहेत. छत ती पेलेल का, हे पाहायला छतावर हत्ती चढवले होते, ही गोष्ट आपल्यातल्या लहान मुलालाही पाठ आहे. पाहुण्यांना आपण हत्ती सांगतो, टनांचे वजन सांगतो. झुंबर घडवणाऱ्याचे नाव विचारणारा विरळाच. आपल्या घरच्या हंडीचेही असेच झाले आहे. तिची ऐट लक्षात राहिली आणि बाकीचे सगळे विसरले.

आणि काच म्हटले की परदेशीच, असेही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून आले. त्या कारखान्यात शिकलेली माणसे पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. तुमच्या माळ्यावर जाडसर, बुडबुडे असलेली, थोडी हिरवट काचेची बरणी किंवा चिमणी असेल तर "देशी आहे, टाका" असे म्हणू नका. बाजारात तिला किंमत नसेल. पण एखाद्या घरी ती तळेगावची आहे असे कागदाने सिद्ध झाले, तर मला चार बोहेमियन फुलदाण्यांपेक्षा तिचा आनंद जास्त होईल.

कागदाने, असे मी मुद्दाम म्हणालो. आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. काच स्वतःबद्दल कमी बोलते. तळ, कडा, रंग, खुणा, झीज हे सगळे तपासून झाल्यावर प्रामाणिक माणूस एवढेच म्हणू शकतो की ही वस्तू बहुधा बोहेमियातली, १८७० ते १९१० च्या दरम्यानची. कारखान्याचे नाव आणि नेमके साल काचेत क्वचितच सापडते. ते तुमच्या घरच्या कागदांत सापडू शकते.

आपल्या जुन्या घरांत रोजकीर्द असे, खतावण्या असत, लग्नमुंजींच्या खर्चाच्या याद्या असत. त्या बहुतेक मोडीत आहेत. इथल्याच एका घरी वाटणीच्या वेळी तीन भावांमध्ये हंड्यांवरून अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली होती. हिरव्या हंड्या "साध्या" आणि लाल "बेल्जमच्या", असा घरातला समज. मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी जुनी कीर्द उघडली, तर दोन्ही जोड्या एकाच दिवशी, एकाच व्यापाऱ्याकडून, एकाच दराने घेतल्याची नोंद निघाली. भांडण तिथेच संपले. दुसऱ्या एका घरी याहून उत्तम काच होती. तिथली मोडी दप्तरे मात्र मी जाण्याआधी महिनाभरच कबाड्याला किलोच्या भावाने दिली होती. ती काच आजही सुंदर आहे, पण तिच्याबद्दल "बहुधा" या शब्दापलीकडे आता कुणीच जाऊ शकणार नाही.

जुने फोटोही पुरावा आहेत. लग्नाच्या फोटोत वधूवरांच्या मागे तिवईवर फुलदाणी दिसत असेल आणि लग्नाचे साल माहीत असेल, तर ती वस्तू त्या सालानंतरची नाही हे पक्के झाले. काचेवरच्या खुणा सांगतात की वस्तू अमुक सालाआधीची नाही. फोटो आणि कीर्द सांगतात की ती अमुक सालानंतरची नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण घातले की मधले अंतर किती कमी होते पाहा.

हे आताच का करायचे, तेही सांगतो. वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी सदनिका होत आहेत. आठ फुटी छताला हंडी टांगता येत नाही. दारी येणारा व्यापारी "काका, काच आहे हो नुसती, सगळ्याचे मिळून एवढे देतो" म्हणतो आणि आपण सुटल्यासारखे देऊन टाकतो. विकायला माझी हरकत नाही. वस्तू ज्याची, निर्णय त्याचा. पण काय विकतो आहोत ते कळून विकावे. जोडी फोडू नये, लोलक सुटे विकू नयेत, आणि एकाच माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना आणखी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजीची गुलाबदाणी सुनेच्या बॅगेतून न्यूजर्सीला पाठवण्याआधी तिचे वय माहीत असणे ही आता हौस राहिलेली नाही. वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो.

म्हणून प्रत्येक घरासाठी एक छोटे काम सुचवतो. एक साधी वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक पान द्या. उंची आणि तळाचा व्यास लिहा, तीन फोटो चिकटवा : समोरून, तळाचा आणि काठाचा. मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि ही वस्तू कुणी आणली, कुठून, कोणत्या प्रसंगाला, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यांना ठाऊक नसेल तर तसेही लिहा. "बेल्जमची असे आई म्हणत असे" हेही लिहा, फक्त "आई म्हणत असे" हे शब्द गाळू नका. पुढे तपासणाऱ्याला ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हे वेगळे कळले पाहिजे.

आणि मोडीची दप्तरे निघाली तर रद्दीत घालण्याआधी मंडळात आणा. आपल्याकडे मोडी वाचणारे दोन-तीन जण अजून आहेत, सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत, आणि त्यांनी स्वतः होऊन मला सांगितले आहे की रविवारी सकाळी ते मोकळे असतात.